चहाचे नऊ कप आणि रात्रीची धडधड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आजच्या भाषणाला 'आहार, दिनचर्या आणि मनाची अस्वस्थता' असं भारदस्त नाव मिळालं आहे. म्हणून आधीच सांगून टाकते की मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी एका बँकेत चौतीस वर्षं नोकरी केली आणि २०२२ साली निवृत्त झाले. त्यातली निम्म्याहून अधिक वर्षं कॅश काऊंटरवर गेली. जे सांगणार आहे ते अनुभवाचं आहे, आणि जिथं शास्त्राचं काही सांगेन ते डॉक्टरांकडून ऐकून, नीट समजून घेतलेलं आहे.

८ नोव्हेंबर २०१६ची रात्र तुम्हाला आठवत असेल. आठ वाजता पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्याचं जाहीर झालं. नऊ तारखेला बँका लोकांसाठी बंद होत्या आणि दहा तारखेला उघडल्या. त्या दिवशी मी शाखेत पोचले तेव्हा रांग मारुतीच्या देवळापर्यंत गेली होती. एकाला चार हजारांच्या नोटा बदलून द्यायच्या. मग तो आकडा साडेचार हजार झाला, मग दोन हजार. बोटाला शाई लावायची, ओळखपत्राची प्रत घ्यायची, फॉर्म तपासायचा. शनिवार-रविवारही काऊंटर चालू. घरी यायला रात्रीचे नऊ-दहा वाजायचे. डबा कधी अर्धा खाल्लेला, कधी तसाच परत. चहा मात्र अखंड. टपरीवरचा पोऱ्या दर तासाला किटली घेऊन यायचा आणि काऊंटरच्या कडेला कप ठेवून जायचा. 'घ्या मॅडम, तरतरी येईल.' यायचीही.

डिसेंबरच्या मध्यावर एका संध्याकाळी माझी कॅश जुळेना. तीनदा मोजली. दोन हजाराच्या सात नोटा कमी, म्हणजे चौदा हजार रुपये. नव्या कोऱ्या नोटा, एकीला एक चिकटायच्या. कुणाकुणाला एखादी जास्त गेली असेल, कुणाला गेली ते कळायला मार्ग नाही. कॅशियरची कॅश कमी भरली की ती कॅशियरनं भरायची, हा आमचा जुना रिवाज. मी भरली. घरी कुणाला सांगितलं नाही. माझी भिशी लागली होती, त्यातून पैसे दिले. ते पैसे सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले होते. ऑपरेशन जानेवारीत ठरलं होतं. मी म्हटलं, 'आई, आत्ता बँकेत फार काम आहे, उन्हाळ्यानंतर करू या.' त्या 'बरं' म्हणाल्या. एवढंच.

जानेवारीत एका रात्री अडीचच्या सुमारास मी दचकून जागी झाले. छाती धाडधाड उडत होती. हाताला मुंग्या, तोंडाला कोरड, श्वास अर्ध्यावरच अडतोय असं वाटत होतं. मनात एकच विचार, आपण आता मरणार. ह्यांनी मला तशीच स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला. नॉर्मल. ड्यूटीवरचा डॉक्टर म्हणाला, 'काही नाही मावशी, टेन्शन घेऊ नका.'

हे वाक्य पुढच्या दोन महिन्यांत मी तीन वेगवेगळ्या लोकांकडून ऐकलं. टेन्शन घेऊ नका म्हणजे नेमकं काय करू नका, हे कुणी सांगत नाही. टेन्शन काही आपण ताटात वाढून घेत नाही.

आणि पंधरवड्यातून एकदा तरी ते परत यायचंच. मग येईल की काय, याचीच भीती बसली. जिना चढताना धडधडलं की मी कठड्याला धरून उभी राहायची. बाजारात एकटी जाईना. शाखेत नोटा मोजताना बोटं थरथरायची. सक्तीच्या रजेवर जावं की नोकरीच सोडावी, असं मनात घोळू लागलं. नणंद म्हणाली नजर लागली असेल, मीठ-मोहऱ्या ओवाळा. ओवाळल्या. माझी हरकत नव्हती.

शेवटी आमच्या गावातल्या जुन्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनीच केलेली. त्यांनी आधी तपासण्या करायला लावल्या. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, बी-१२ आणि टू-डी एको. इथं जरा थांबून सांगते, कारण हे महत्त्वाचं आहे. छातीत धडधडलं की 'ही माझी चिंता' असं आपणच ठरवून मोकळं व्हायचं नाही. हृदयविकारात बायकांना छातीत दुखण्याऐवजी नुसता दम लागणं, घाम फुटणं, जबडा किंवा पाठ भरून येणं असंही होतं. तेव्हा आधी तपासणी. थायरॉईडची ग्रंथी जास्त काम करू लागली तरी धडधडतं, अंगात रक्त कमी असलं तरी धडधडतं. माझं हृदय ठीक होतं, थायरॉईड ठीक होतं, हिमोग्लोबिन मात्र ८.९. पाळी जाण्याआधीच्या वर्षांत जी झीज झाली होती, ती भरूनच निघाली नव्हती.

बाई म्हणाल्या, 'रक्ताच्या गोळ्या देते. पण आठ दिवस एक काम करा. तोंडात काय जातं ते वेळेसकट लिहून ठेवा. कॅशबुक लिहिता तसं.'

ही भाषा मला कळली. लिहिलं. आठ दिवसांनी ते पान वाचताना मलाच लाज वाटली. पहाटे साडेपाचला उपाशीपोटी मोठा कप चहा. साडेसातला दुसरा, सोबत दोन खारी. बँकेत दहा, अकरा, साडेबारा, तीन, साडेचार असे पाच. घरी आल्यावर एक. रात्री जेवणानंतर ओटा आवरून झाल्यावर, सगळे झोपले की निवांत असा नववा. मधे जेवण म्हणावं असं फक्त रात्रीचं. दुपारचा डबा चारच्या पुढं ढकललेला, तोही दोन घास आणि मागोमाग चहा. गुरुवारी उपवास, म्हणजे साबुदाण्याची मूठभर खिचडी आणि चहाचा दहावा कप.

त्यात आणखी एक गंमत. घरचा चहा सासूबाई करायच्या. मोतीबिंदूमुळे त्यांना चमच्यातली पावडर नीट दिसायची नाही. अंदाजानं टाकायच्या आणि कमी पडायला नको म्हणून वर चिमूटभर आणखी. आमच्या घरच्या चहाचा रंग तेव्हा डांबरासारखा असायचा.

बाईंनी मला कॅफिनचा हिशेब सांगितला. आता तर आपल्या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, आयसीएमआरनं, २०२४च्या आहार-मार्गदर्शिकेत तो छापलाच आहे. दीडशे मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं. तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, आणि फिल्टर कॉफीत ८० ते १२०. दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असं त्यांचं सांगणं आहे. माझे नऊ कप सगळे मोठे नव्हते, पण सासूबाईंच्या हातचे तीन धरले तर मी मर्यादेच्या वरच असणार. हे कॅफिन शरीरातून लवकर जात नाही. प्यालेल्यापैकी निम्मं जायला साधारण पाच तास लागतात, कुणाला कमी, कुणाला जास्त. म्हणजे रात्री साडेनऊच्या कपाचा निम्मा ऐवज अडीच वाजता माझ्या रक्तात शिल्लक. आणि अडीच वाजताच मी दचकून उठत होते! मी बाईंना म्हटलं, मग सगळं चहामुळंच म्हणायचं. त्या म्हणाल्या, 'तसं नाही हो. चहा सगळेच पितात. पण ज्याच्या अंगात भीतीची घंटा आधीच हलकी झालीय, त्याला कॅफिननं ती लवकर वाजते. वाजायला निमित्त कशाला द्यायचं?'

दुसरा मुद्दा रक्ताचा. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला तर अन्नातलं, विशेषतः भाजीपाला-कडधान्यातलं लोह शरीराला नीट मिळत नाही. त्यामुळं जेवणाआधी आणि नंतर निदान तासभर चहा नको. मी तर रक्तवाढीची गोळीसुद्धा सकाळी चहाच्या घोटाबरोबर गिळत होते. म्हणजे एका हातानं भरणा आणि दुसऱ्या हातानं काढणं.

चहा एकदम तोडू नका, असं बाईंनी बजावलं होतं. मी ऐकलं नाही. सोमवारी बंद केला आणि मंगळवारी डोकं असं दुखलं की काऊंटरवर बसवेना. एकदम सोडलं की असं होतं, दोन-चार दिवस ते आठवडाभर. त्यावर मी डोकेदुखीची गोळी घेतली. त्या पाकिटावर बारीक अक्षरात वाचलं, तर तिच्यातही कॅफिन! मग मुकाट्यानं बाईंच्या पद्धतीनं गेले. दर चार दिवसांनी एक कप कमी, तोही शेवटाकडून. आधी रात्रीचा गेला, मग संध्याकाळचा. महिन्याभरात दोनवर आले. दोन्ही दुपारी तीनच्या आत.

सोडायला खरा कठीण होता तो लोकांचा चहा. आपल्याकडं चहा नको म्हणणं म्हणजे माणसाला नको म्हणणं. हळदीकुंकवाला गेलं, साखरपुड्याला गेलं, मयताच्या घरी दहाव्याला गेलं तरी कप पुढं येतोच. मी एक युक्ती केली. 'गोळ्या चालू आहेत' म्हणायचं. गोळ्यांना आपले लोक मान देतात. घरी गवती चहा आणि आलं उकळून त्यात दूध-गूळ घालायला लागले. चहाची पावडर नाही, म्हणजे कॅफिन नाही. ग्रीन टीचं मात्र तसं नव्हे, त्यात कॅफिन असतं. दुपारी ताक. टपरीवरचा पोऱ्या बिचारा खट्टू झाला. माझ्यामुळं त्याचे दिवसाला पाच कप बुडाले.

जेवणाच्या वेळा लावणं त्याहून सोपं निघालं, आणि गुण मात्र लवकर आला. पोट बराच वेळ रिकामं राहिलं की हात थरथरतात, घाम येतो, कासावीस होतं, आणि हे सगळं भीतीच्या झटक्यासारखंच असतं. मला दोन्हीतला फरकच कळेनासा झाला होता. सकाळी निघण्यापूर्वी भाकरी-भाजी किंवा मोडाची उसळ खायची, दीड वाजता डबा उघडायचाच. त्यावरून शाखेत कुरबूर झाली. रांग सोडून जेवायला जाता, म्हणे. मी पंचवीस मिनिटांची पाटी लावून उठायचे. मला वाटतं, काऊंटरवर बसणाऱ्या प्रत्येकानं हे भांडण एकदा तरी करावं. उपवास सोडला नाही, पण उपवासाला राजगिरा, शेंगदाणे, दूध, केळं असं पोटाला आधार देणारं खायला लागले. डब्यात लिंबाची फोड कायमची. आंबटाबरोबर लोह चांगलं लागतं. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.६ झालं आणि जिन्यावरचा दम निम्मा कमी झाला.

पुडीतल्या औषधांबद्दल मला पुष्कळ जण विचारतात. अमुक मुळी, तमुक चूर्ण, मन शांत करणाऱ्या कॅप्सूल. मी घेतल्या नाहीत. थायरॉईड किंवा इतर गोळ्या चालू असताना आपल्या मनानं अशी चूर्णं घेणं बरं नव्हे. आणि एकाच पदार्थानं चिंता पळते असं कुणी सांगितलं तर पाकीट बंद ठेवावं. दारूचंही तेच. आमच्याकडच्या एका सहकाऱ्याला रात्री थोडी घेतली की बरं वाटायचं, पण पहाटे उतरल्यावर जीव जास्त घाबरा व्हायचा, मग त्यावर आणखी.

जिन्याचं सांगायचं राहिलं. धडधडेल म्हणून मी जिना टाळत होते. बाईंनी उलटं सांगितलं. एको चांगला आहे ना? मग रोज मुद्दाम चढा. धडधडू द्या. वर जाऊन उभ्या राहा आणि ती आपोआप कशी उतरते ते घड्याळ लावून बघा. पहिल्या दिवशी ह्यांना खाली उभं करून मी दोन मजले चढले. साडेचार मिनिटांत छाती शांत झाली. दुसऱ्या दिवशी चार मिनिटं. पंधरा दिवसांत मी घड्याळ बघायचं विसरले. छातीची धडधड ही मरणाची खूण आहे, हे मनानं पक्कं धरलेलं असतं. ते कितीही समजावून सुटत नाही, पायानं चढून सुटतं. त्यानंतर संध्याकाळी कालव्याच्या रस्त्यानं अर्धा-पाऊण तास चालायला लागले. आठवड्याला निदान दीडशे मिनिटं जरा भरभर चालावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मला ते आकड्यात बसवायला आवडायचं, शेवटी कॅशियर! रात्री झोपण्यापूर्वी चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, अशी दहा मिनिटं. उठायची वेळ रोज एकच, सुट्टीलासुद्धा.

आता प्रामाणिकपणे सांगते. एवढ्यानं सगळं गेलं नाही. मेपर्यंत रात्रीचे झटके जवळजवळ थांबले, झोप लागू लागली. पण शाखेच्या दारात पाऊल टाकताना पोटात खड्डा पडायचा तो पडायचाच. बाई म्हणाल्या, 'माझा भाग झाला. आता मिरजेला मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.' मी घाबरले, लोक काय म्हणतील. पण मिरजेचं एक बरं असतं. अर्धा जिल्हा तिथं दवाखान्यालाच जातो, कुठल्या डॉक्टरकडं ते कुणी विचारत नाही.

तिथल्या डॉक्टरांनी औषध सुरू केलं. गुण यायला तीन-चार आठवडे लागतील आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करू नका, हे त्यांनी लिहूनच दिलं. त्यांनी मला दा कोस्टा नावाच्या एका डॉक्टरची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात त्यानं असे कितीतरी सैनिक तपासले, ज्यांची छाती धडधडायची, दम लागायचा, पण हृदयात दोष सापडायचा नाही. १८७१ साली त्यानं त्यावर लेख लिहिला. जागरणं, ताप, जुलाब, वणवण यांनी ते सैनिक आधीच खंगलेले होते. मला ते ऐकून का कोण जाणे, फार बरं वाटलं. बंदुका घेतलेले पुरुष होते ते, आणि त्यांनाही व्हायचं.

मग त्यांच्याकडच्या समुपदेशक बाईंनी विचारलं, 'झटका येतो तेव्हा झोपेतून उठल्यावर पहिला विचार काय असतो?' आधी मला सांगताच आलं नसतं. चहा, भूक, जागरण यांचा कालवा इतका होता की खाली काय आहे ते ऐकूच येत नव्हतं. आता झोप लागत होती, म्हणून कळलं. पहिला विचार मरणाचा नव्हताच. सात नोटांचा होता. आणि त्याच्या मागोमाग, सासूबाई चमचा डोळ्यांजवळ नेऊन पावडर बघतायत, तो.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर मी घरी सांगितलं. चौदा हजार, भिशी, ऑपरेशन, सगळं. हे गप्प राहिले. चिडले होते, पैशापेक्षा सहा महिने सांगितलं नाही म्हणून. सासूबाईंनी बराच वेळ पदराशी चाळा केला. मग म्हणाल्या, 'मला वाटलं, तुला माझं ओझं झालंय. म्हणून मी परत विचारलं नाही गं.'

सहा महिने आम्ही दोघी एकाच ओट्याशी उभ्या राहून चहा करत होतो, पीत होतो.

जुलै २०१७मध्ये त्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा चहा केला तेव्हा त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, 'अगं बाई, एवढी पावडर टाकत होते मी?' माझं औषध डॉक्टरांनी वर्षभरानं हळूहळू कमी करत बंद केलं. त्यानंतर दोनदा झटका आला, एकदा मुलीच्या लग्नाच्या गडबडीत आणि एकदा कोविडच्या पहिल्या लाटेत. दोन्ही वेळा बघितलं तर जेवणं चुकलेली, झोप चार तासांवर आलेली आणि चहा पाचवर गेलेला. पुन्हा कॅशबुक लिहिलं.

ज्यांच्या गावाला मिरज जवळ नाही, त्यांच्यासाठी एक सांगते. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे. नंबर १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं.

मे २०२३मध्ये दोन हजाराची नोट चलनातून मागं घ्यायचं जाहीर झालं. कपाट आवरताना सासूबाईंच्या जुन्या बटव्यात मला एक नोट सापडली. बदलायला मी माझ्याच जुन्या शाखेत गेले, या वेळी काचेच्या अलीकडून. रांग छोटीच होती. काऊंटरला एक नवीन मुलगी होती. तिनं नोट उजेडात धरली, चार पाचशेच्या मोजून दिल्या. मीही मोजल्या, दोनदा. सवय. किटलीवाला आला, आता तो पोऱ्या राहिला नव्हता, मिशा फुटल्या होत्या त्याला. 'मॅडम, आज तरी घ्या.'

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. पावणेतीन झाले होते. घेतला.